परत भरलेले पैसे

‘पैसे तर व्याजासकट भरून टाकले, मग आता गुन्हा कसला राहिला?’ हा प्रश्न मला आजवर इतक्या जणांनी विचारला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे पुष्कळ दिवस मनात होते. बँकेच्या नोकरीत माझी तीस-बत्तीस वर्षे गेली. त्यांतली अखेरची अकरा शाखातपासणीच्या खात्यात. निवृत्त होऊन मांजलपुरात स्थायिक झालो, तरी प्रश्न काही निवृत्त झाला नाही. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतले जुने वाडे सोडून जी मराठी कुटुंबे इकडच्या सोसायट्यांत येऊन राहिली, त्यांत घरटी एखादा तरी माणूस बँकेत आहे, होता, किंवा बँकेची परीक्षा देत आहे. गेल्या चैत्रात आमच्या शेजारच्या एका मुलीची बँकेत अधिकारी म्हणून निवड झाली. पेढे द्यायला आलेल्या तिच्या आजोबांनी पेढ्याच्या पुड्याबरोबर हाच प्रश्न माझ्यापुढे ठेवला. वर्तमानपत्रात कुठल्याशा व्यवस्थापकाच्या अटकेची बातमी त्यांनी वाचली होती आणि नातीच्या काळजीने त्यांची झोप उडाली होती.

बडोद्याच्या मराठी माणसाला बँक परकी नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदाची स्थापना केली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच्याही एकोणीस वर्षे आधी, १८८९ साली, विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली याच शहरात ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ निघाली. हिंदुस्थानातल्या सहकारी पतव्यवहाराचा इतिहास सांगणारे बहुतेक ग्रंथ तिच्यापासून सुरुवात करतात. सहकारी पतसंस्थांचा कायदा सरकारने केला तो त्यानंतर, १९०४ साली. म्हणजे कायद्याच्या आधी विश्वास होता. त्याच संस्थेवर २००७ साली रिझर्व्ह बँकेला निर्बंध घालावे लागले, हे लिहिताना मनाला क्लेश होतात; पण त्याची कारणमीमांसा हा या लेखाचा विषय नव्हे. ‘अन्योन्य’ या नावातच ठेवीदार आणि ठेव सांभाळणारा यांच्यातले जे नाते सांगितले आहे, ते मोडले म्हणजे कायदा काय म्हणतो, एवढेच मला सांगायचे आहे.

एका तरुण अधिकाऱ्याची हकीकत सांगतो. गाव आणि बँक यांची नावे मुद्दाम सांगत नाही. शाखांतून अजून संगणक आले नव्हते, खातेवह्या हाताने लिहिल्या जात, तेव्हाची ही गोष्ट. मुलगा आपल्याच समाजातला, हुशार, अक्षर मोत्यासारखे. धाकट्या भावाला इंजिनियरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि फी भरण्याची मुदत तोंडावर आली होती. बँकेकडे त्याने कर्मचारी कर्जासाठी अर्ज केलेला होता, पण मंजुरी येईना. शाखेत एका वृद्ध विधवा बाईंचे खाते होते. बाई परगावी मुलीकडे राहावयास गेलेल्या. चार वर्षांत त्या खात्यावर व्याजाखेरीज एक नोंद झालेली नव्हती. त्याने त्यांच्या नावाची पैसे काढण्याची पावती भरली, सही केली आणि फीचे पैसे भरले. सतराव्या दिवशी त्याचे कर्ज मंजूर होऊन आले. एकोणिसाव्या दिवशी सगळी रक्कम, वर थोडे व्याज धरून, बाईंच्या खात्यात परत जमा झाली.

पुढे दोन महिन्यांनी त्याला कावीळ झाली आणि तो रजेवर गेला. त्याच्या जागी आलेल्या माणसाने खात्यांचे ताळे घेताना पाहिले, तो चार वर्षे निजलेल्या खात्यात एकोणीस दिवसांच्या अंतराने दोन नोंदी. पावतीवरची सही नमुन्याच्या सहीशी जुळेना. प्रकरण तपासणीकडे, म्हणजे माझ्याकडे आले.

त्याचे वडील एका संध्याकाळी माझ्या मुक्कामावर आले. निवृत्त शिक्षक होते. काळी टोपी मांडीवर ठेवून बराच वेळ बसले आणि मग म्हणाले, ‘‘साहेब, त्या बाईंचा एक पैसा बुडालेला नाही. उलट चार पैसे जास्तच गेले त्यांच्या खात्यात. मग माझ्या मुलाने कुणाचे काय घेतले, तेवढे मला सांगा.’’

मी त्यांना पाणी दिले. तपास चालू असताना याहून अधिक बोलण्याचा मला अधिकार नव्हता. मुलाची नोकरी गेली. फौजदारी खटला नऊ वर्षे चालला आणि शिक्षा झाली. वरच्या कोर्टात ती कमी झाली, पण दोषाचा ठपका कायम राहिला. ज्या भावासाठी हे सारे केले, तो इंजिनियर झाला, हेही येथे सांगितले पाहिजे.

गुरुजींच्या प्रश्नाला कायद्याने फार पूर्वीच उत्तर देऊन ठेवले होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४०३ खाली जे स्पष्टीकरण आहे त्याचा आशय असा की, काही काळापुरताच केलेला अपहार हाही अपहारच होय. म्हणजे अपराध पूर्ण होतो तो पैसे बुडतात त्या दिवशी नव्हे. सोपवलेली वस्तू सोपवणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध, अप्रामाणिक हेतूने आपल्या कामी लावली, त्याच क्षणी. नंतरची भरपाई शिक्षा ठरवताना न्यायाधीश विचारात घेतात, पण झालेला अपराध तिने पुसला जात नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, परंतु हे तत्त्व नव्या संहितेच्या कलम ३१४ मध्ये जसेच्या तसे आहे.

आणि हे इंग्रजांनीच आपल्याला शिकवले असेही नाही. मनुस्मृतीने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ‘निक्षेप’ म्हणजे ठेव हे पद आरंभीच येते. याज्ञवल्क्यांनी तर स्पष्टच सांगितले आहे की, ठेवीचा आपल्या मर्जीने उपभोग घेणाऱ्याला दंड करावा आणि शिवाय ती ठेव वृद्धीसह परत देववावी. दंडही आणि भरपाईही. एकाने दुसरे टळत नाही.

गुरुजींना त्या वेळी जे सांगता आले नाही, ते आज सांगतो. त्यांच्या मुलाने त्या बाईंना न विचारता सावकार केले. एकोणीस दिवस बाईंचा पैसा अशा माणसाकडे होता, ज्याचे कर्ज मंजूर होईल की नाही हे त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते. मंजुरी आली नसती तर? त्या दिवसांत त्याला अपघात झाला असता तर? धोका सगळा बाईंचा होता, आणि तो पत्करण्याचा निर्णय मात्र त्यांच्या अपरोक्ष झाला होता.

बँकेतल्या माणसाच्या बाबतीत कायदा अधिक कडक का, हेही सामान्य वाचकाला माहीत नसते. विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार, ज्याला कायद्याच्या भाषेत फौजदारी न्यासभंग म्हणतात, त्याच्या पायऱ्या आहेत. दुकानातल्या कारकुनाने गल्ल्यातले पैसे खाल्ले तर ते कलम ४०८. तेथे मालकाची तक्रार मिटली, तर न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते. लोकसेवक, बँकर, व्यापारी किंवा अडत्या यांनी हेच केले तर मात्र कलम ४०९. त्याला जन्मठेप, किंवा दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आणि तडजोडीस पात्र असलेल्या गुन्ह्यांच्या यादीत हे कलमच नाही. नव्या संहितेत ते ३१६ व्या कलमाचे पाचवे उपकलम झाले. त्यामुळे ‘मॅनेजरसाहेबांशी बोलून मिटवून टाका’ असे जे आपले लोक म्हणतात, त्याला अर्थ नसतो. माफ करणे मॅनेजरच्या हातातच नाही. हिशोबाच्या वहीत खोटी नोंद केली असेल तर त्याचे कलम आणखी निराळे, सात वर्षांपर्यंतच्या कैदेचे.

या बाबतीत एका मोठ्या माणसाचा खटला प्रसिद्ध आहे. भारत इन्शुअरन्स कंपनीचे अध्यक्ष रामकृष्ण दालमिया यांनी सट्ट्यातल्या तोट्याच्या भरपाईसाठी कंपनीचा पैसा वळवला. १९५५ साली चौकशी सुरू झाली, तेव्हा दोन कोटींहून अधिक रकमेची भरपाई करून देण्याचे त्यांनी मान्य केले होते. तरीही खटला झाला आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची दोन वर्षांची शिक्षा कायम केली. बचावाचा एक मुद्दा असा होता की, बँकेतल्या खात्यावरची रक्कम ही काही हातात धरता येणारी मालमत्ता नव्हे, मग तिचा न्यासभंग कसा? न्यायालयाने तो मानला नाही. खात्यावरचा आकडा हीसुद्धा मालमत्ताच, असे त्या निकालाने ठरवून टाकले. आज नोटेला हात न लावता कोट्यवधींचे व्यवहार कळ दाबून होतात, तेव्हा त्या निकालाचे मोल अधिकच जाणवते.

अपहार करणारा माणूस रजा घेत नाही, ही तपासणी खात्यातली जुनी म्हण. एक खोटी नोंद झाकायला दुसरी लागते आणि तिला रोज खतपाणी घालावे लागते. तो तरुण आजारी पडला नसता तर त्या दोन नोंदी आणखी किती काळ वहीत निजून राहिल्या असत्या, कोण जाणे. पुढे २०१५ साली रिझर्व्ह बँकेने नियमच केला की, संवेदनशील जागेवरच्या प्रत्येक अधिकाऱ्याने वर्षातून एकदा सलग दहा दिवस सक्तीच्या रजेवर जावे. तिजोरीला दोन किल्ल्या आणि त्या दोन माणसांकडे, भरणारा एक आणि पास करणारा दुसरा, ही रीत तर फार जुनी. नवख्यांना हा आपल्यावरचा अविश्वास वाटतो. वास्तविक दुसरी किल्ली ही पहिल्याचे संरक्षण असते.

परंतु कुंपणच शेत खाऊ लागले म्हणजे दोन किल्ल्यांनीही भागत नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे प्रकरण आपल्यापैकी विदर्भातल्या नातलगांमुळे अनेकांना ठाऊक असेल. २००१-०२ च्या सुमारास या बँकेने सरकारी रोखे घेण्यासाठी होम ट्रेड आणि आणखी चार दलाल कंपन्यांकडे सव्वाशे कोटींच्या आसपास रक्कम दिली. सरकारी रोखे म्हणजे सर्वांत सुरक्षित गुंतवणूक, असे आपण समजतो, आणि ते खरेही आहे. पण रोखे हातात आले तर! येथे रोखेही आले नाहीत आणि पैसेही परत आले नाहीत. जिल्हा बँकेचे खातेदार म्हणजे बहुतांशी शेतकरी. त्यांचा पैसा अडकला, आणि पेरणीच्या दिवसांत ज्या बँकेकडे पाहायचे तीच हात पसरून उभी राहिली. २००२ साली गुन्हा दाखल झाला. निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ रोजी, एकवीस वर्षांनी. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आणि माजी मंत्री सुनील केदार, बँकेचे त्या वेळचे महाव्यवस्थापक आणि दलाल मिळून सहा जण दोषी ठरले, तिघे सुटले. केदारांना पाच वर्षे सक्तमजुरी आणि साडेबारा लाखांचा दंड झाला. त्यांची आमदारकीही गेली. निकालाविरुद्ध त्यांनी अपील केले आणि जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

या खटल्यात माझ्या मनाला लागून राहिली ती एकवीस वर्षे. २००२ साली ज्याचे पैसे अडकले तो शेतकरी साठीचा असेल, तर निकाल ऐकायला तो ऐंशी ओलांडून गेला असणार, असला तर! दुसरे असे की, येथे कुणी तिजोरीतून पिशवी भरून नेली नव्हती. धनादेश होते, करारपत्रे होती, सह्या होत्या. कागद बिनचूक दिसत होते. म्हणूनच मी त्या शेजारच्या आजोबांना म्हटले की, तुमच्या नातीला रोखपालाच्या पेटीपेक्षा सहीच्या पेनाची अधिक भीती बाळगायला शिकवा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, नाहीतर आपली मुले कर्जाच्या एकाही अर्जावर सही करणार नाहीत. बुडालेले प्रत्येक कर्ज हा गुन्हा नव्हे. कारखाना चांगला दिसला, कागदपत्रे तपासली, तारण घेतले आणि पुढे धंदा बसला, तर तो निर्णय चुकला एवढेच. कायद्याला लागतो तो अप्रामाणिक हेतू. पूर्वी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात असे एक पोटकलम होते की, लोकहित नसताना एखाद्याला आर्थिक लाभ मिळवून दिला, तरी अधिकारी अडकू शकत असे, मग त्याने स्वतः काही घेतलेले असो वा नसो. २०१८ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. प्रामाणिक अधिकाऱ्यांना त्याने हायसे वाटले, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे.

मात्र तुरुंग टळला म्हणजे नोकरी टिकली, असे समजू नये. सेंट्रल बँकेच्या एका अधिकाऱ्याने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन उचली मंजूर केल्या. त्याचे म्हणणे असे की, बँकेचे यात काही नुकसान झालेले नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अधिकाराची मर्यादा ओलांडणे हाच शिस्तीचा भंग. तोटा झाला की नाही, हे पाहण्याची गरज नाही. प्रत्येक अधिकारी आपल्या मर्जीने वागू लागला तर बँक चालणार कशी, हा त्यामागचा साधा विचार. गुरुजींच्या प्रश्नाला हे दुसऱ्या बाजूने आलेले उत्तर म्हणता येईल.

‘आमची बँक खासगी आहे, सरकारी नियम आम्हांला नाहीत’ असे म्हणणारे तरुणही मला भेटतात. ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या अध्यक्षांनी हाच बचाव केला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, खासगी बँकेचे अध्यक्ष आणि संचालक हेदेखील भ्रष्टाचारविरोधी कायद्यापुरते लोकसेवकच. पगार कोण देतो यापेक्षा पैसा कुणाचा हाताळतो, याला महत्त्व.

आता थोडे आपल्या स्वभावाविषयी. बँकेत ‘आपला माणूस’ असला म्हणजे आपण पासबुक, पैसे, कधी कधी सही केलेले कोरे चेकसुद्धा त्याच्या घरी नेऊन देतो. उन्हात रांगेत कोण उभा राहणार! अलाहाबादच्या एका बाईंनी असेच केले. यजमानांचे स्नेही बँकेत होते, म्हणून खात्यात भरायचे पैसे त्यांच्या हाती दिले; त्यांनी ते भरलेच नाहीत. बाई बँकेविरुद्ध लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९७८ साली हरल्या. न्यायालयाचे म्हणणे असे की, पैसे बँकेच्या नोकराला नोकर म्हणून दिले नव्हते, मित्र म्हणून दिले होते. तेव्हा बँक जबाबदार नाही. शेजारधर्म सांभाळावा, पण पावती खिडकीवरच घ्यावी. त्यात त्या शेजाऱ्याचेही हितच आहे.

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा आरंभी ठेवीदारांना हजार रुपयेच काढता येत होते. एकाच उद्योगसमूहाला दिलेली कर्जे एकवीस हजारांवर बनावट खात्यांच्या आड लपवल्याचा आरोप बँकेच्या अधिकाऱ्यांवर ठेवण्यात आला. बँक पुढे जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली. त्या गदारोळानंतर एक गोष्ट बरी झाली: ठेवींच्या विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एका लाखाची पाच लाख झाली. घरातल्या सगळ्यांच्या ठेवी एकाच संस्थेत ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

राहता राहिली आपल्या पतसंस्थांच्या आणि सहकारी बँकांच्या संचालकांची गोष्ट. निवृत्तीनंतर मान म्हणून असे पद स्वीकारणारे सद्गृहस्थ आपल्यात पुष्कळ आहेत. बैठकीला जातात, चहा घेतात, इतिवृत्ताच्या वहीत सही करून येतात. संस्थेच्या पैशाचा दुरुपयोग वा न्यासभंग झाला असेल, तर तो निश्चित करून जबाबदार व्यक्तीकडून वसूल करण्याचा अधिकार गुजरातच्या १९६१ च्या सहकारी कायद्यात कलम ९३ ने निबंधकाला दिला आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यात तेच कलम ८८. फौजदारी शिक्षा माणसाबरोबर संपते. ही वसुली संपत नाही. संचालक हयात नसेल, तर त्याच्या मालमत्तेचा वारसा ज्याच्याकडे गेला त्याला नोटीस येते, आणि वडिलांनी पंधरा वर्षांपूर्वी कुठल्या ठरावावर सही केली होती, याचे उत्तर मुलाला द्यावे लागते. मांजलपुरातच दोन गृहस्थ अशा नोटिसा घेऊन माझ्याकडे आले होते. एकाने वडिलांच्या कपाटातल्या जुन्या इतिवृत्तांच्या प्रती आणल्या होत्या. त्या आम्ही दोघांनी मिळून तीन संध्याकाळी वाचल्या. एका वादग्रस्त कर्जाच्या ठरावाखाली वडिलांनी आपल्या हाताने चार शब्द लिहून ठेवले होते: ‘माझा यास विरोध आहे.’ तो कागद त्यांनी निबंधकापुढे ठेवला. दुसऱ्यांच्या वडिलांची सही मात्र कोणत्याही शेऱ्याविना प्रत्येक पानावर होती. ते प्रकरण अजून चालू आहे.